ब्राउझर टेस्टिंगचं ऑटोमेशन उभारताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीममध्ये नवीन कोणी आलं की थोड्याफार फरकाने हेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. उदाहरणं जास्त करून प्लेराइट या ब्राउझर टेस्टच्या टूलची आहेत, कारण माझा दिवस त्यातच जातो. पण बहुतेक दुखणी टूल बदललं तरी तीच राहतात.

युनिट टेस्ट (कोडचा एकेक तुकडा तपासणाऱ्या) आहेत, एपीआयच्या (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायच्या वाटेच्या) टेस्ट आहेत. मग ब्राउझर टेस्ट कशाला?

सांधे तपासायला. समजा सर्व्हर बरोबर उत्तर देतोय, बटणाचा कोडही बरोबर आहे, पण कोणीतरी कालच लावलेला कुकीचा बॅनर फोनच्या रुंदीत नेमका ‘ऑर्डर करा’ या बटणावर येऊन बसलाय. सगळ्या युनिट टेस्ट हिरव्या, आणि ऑर्डर मात्र एकही नाही. ब्राउझर टेस्ट खरा ब्राउझर उघडते, खऱ्या पानावर जाते, टाइप करते, क्लिक करते आणि समोर काय दिसतंय ते पाहते. त्यामुळे असला घोळ तिथेच सापडतो.

त्याची किंमतही मोजावी लागते. युनिट टेस्ट मिलिसेकंदांत संपते, ब्राउझर टेस्टला काही सेकंद लागतात, आणि ती पडली की दोष नक्की कुणाचा हे लगेच कळत नाही. म्हणून जे खालच्या थरात तपासता येतं ते तिथेच तपासा. पिनकोडच्या रकान्यात अक्षरं टाकल्यावर चूक दाखवली जाते का, यासाठी ब्राउझर उघडायची गरज नसते.

कुठलं टूल घ्यावं?

आज नव्याने सुरू करत असाल आणि कुठलीही जुनी ओझी नसतील तर प्लेराइट घ्या. हे माझं मत झालं. कारणं समजायला थोडा इतिहास लागतो.

सेलेनियम या जुन्या टूलची सुरुवात २००४ मध्ये जेसन हगिन्स यांनी केली. पुढे वेबड्रायव्हर हा वेगळा प्रकल्प त्यात मिसळला आणि २०१८ मध्ये वेबड्रायव्हर डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानक झालं. म्हणजे ब्राउझर बनवणारे स्वतःच त्याचा ड्रायव्हर (ब्राउझरला बाहेरून हुकूम देणारा प्रोग्राम) देतात. जावा, पायथन, सी शार्प, रुबी, जावास्क्रिप्ट असं काहीही चालतं. ब्राउझरची आवृत्ती आणि ड्रायव्हरची आवृत्ती जुळवत बसण्याचा जुना वैताग ४.६ पासून सेलेनियम मॅनेजरने बराच संपवला. वाट पाहणं मात्र अजून बरंचसं तुमच्याच डोक्यावर असतं.

सायप्रेस ब्राउझरच्या आत, तुमच्या पानाशेजारीच चालतो. डेव्हलपरला लिहिताना फार सुखाचा. पण भाषा फक्त जावास्क्रिप्ट किंवा टाइपस्क्रिप्ट, आणि एकाच टेस्टमध्ये दोन टॅब किंवा दोन युजर शेजारी शेजारी हवे असतील तर हात बांधले जातात.

प्लेराइट मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणला. गूगलमध्ये पपेटियर या अशाच टूलवर काम केलेली काही मंडळीच त्यामागे होती. क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट ही तिन्ही इंजिनं एकाच एपीआयने चालतात, आणि क्लिक करण्याआधी घटक दिसतोय का, हलत नाहीये ना, चालू आहे का, त्याच्यावर दुसरं काही आडवं आलेलं नाही ना, हे तो आपणहून तपासतो. चॅट अ‍ॅपसारख्या ठिकाणी एकाच टेस्टमध्ये दोन युजर समोरासमोर बसवता येतात.

टीमला जावा येत असेल आणि सेलेनियमच्या हजारभर टेस्ट नीट चालू असतील, तर केवळ नवं आलंय म्हणून उठून जाऊ नका.

बसवायला किती वेळ लागतो?

टूल बसवायला अर्धा दिवससुद्धा लागत नाही. नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) असेल तर ‘एनपीएम इनिट प्लेराइट’ ही एकच कमांड. ती काही प्रश्न विचारते, कॉन्फिग फाइल आणि एक नमुना टेस्ट तयार करते आणि ब्राउझर उतरवून घेते. लिनक्स मशीनवर ब्राउझरला लागणाऱ्या सिस्टीम लायब्ररीही हव्यात, म्हणून इन्स्टॉलच्या कमांडला ‘विथ-डेप्स’ हा पर्याय जोडा.

एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात नडते. प्लेराइटची प्रत्येक आवृत्ती ठराविक ब्राउझर बिल्डशी बांधलेली असते. पॅकेज अपडेट केलं पण ब्राउझर पुन्हा उतरवले नाहीत, किंवा डॉकरची इमेज (सगळं आधीच भरून ठेवलेला तयार साचा) जुन्याच आवृत्तीची राहिली, तर ‘एक्झिक्युटेबल सापडत नाही’ असं म्हणून सगळं एकदम कोसळतं. पॅकेज आणि इमेज यांची आवृत्ती एकत्रच बदलायची.

खरा वेळ जातो तो डेटा, लॉगिन आणि टेस्टसाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट यांत. त्याला दोन-तीन आठवडे धरा. मॅनेजरलाही तेच सांगा, नाहीतर ‘टूल तर सोमवारीच बसलं होतं ना’ हे ऐकावं लागतं.

आधी कुठल्या टेस्ट लिहायच्या?

पाच ते दहा. जास्त नको. धंदा ज्यावर चालतो ते रस्ते घ्या: लॉगिन, मुख्य काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पैसे भरणं, शोध, लॉगआउट. काय निवडावं कळत नसेल तर सपोर्टवाल्यांना विचारा, की कुठली गोष्ट बंद पडली की फोन थांबत नाहीत? त्यांची यादी बहुतेक वेळा बरोबर निघते.

हाताने तपासायच्या तीनशे टेस्ट केसेसची एक्सेल शीट समोर ठेवून पहिल्या ओळीपासून ऑटोमेट करत सुटणं, हा मी पाहिलेला सर्वांत महागडा उद्योग आहे. चाळीसाव्या ओळीला टीम थकते, आणि तोवर पहिल्या वीस टेस्ट सांभाळायला कोणी उरलेलं नसतं.

पानावरचा घटक शोधायचा कसा? एक्सपाथ चालेल का?

एक्सपाथ म्हणजे पानाच्या रचनेतून घटकापर्यंत लिहिलेली वाट. चालतो, पण टिकत नाही. ‘तिसऱ्या डिव्हच्या आतल्या दुसऱ्या स्पॅनमधलं बटण’ अशी वाट लिहिली, की डिझायनरने एक वेष्टण वाढवलं रे वाढवलं की ती तुटते. क्लासच्या नावांचंही तसंच. आजकालची बरीच बिल्ड टूल त्यात अक्षरांचा एक तुकडा घुसडतात, आणि तो स्टाइल बदलली की बदलतो.

युजर जसं ओळखतो तसं शोधा. ‘जतन करा’ नावाचं बटण. ‘ईमेल’ असं लेबल असलेला रकाना. प्लेराइटमध्ये यासाठी गेटबायरोल आणि गेटबायलेबल आहेत. याचा एक फुकटचा फायदा होतो. रोलने बटण सापडत नसेल तर बहुधा ते बटण नसून क्लिक लावलेला डिव्ह असतो, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही ते सापडणार नसतं. अशा वेळी टेस्टऐवजी पान दुरुस्त करा.

अ‍ॅप तीन-चार भाषांत असेल, किंवा मार्केटिंगवाले दर आठवड्याला बटणावरचे शब्द बदलत असतील, तर ‘डेटा-टेस्टआयडी’ हा अ‍ॅट्रिब्यूट लावून घ्या. डेव्हलपरांशी एकदा बसून नावांची पद्धत ठरवा.

आणि ‘पहिलं जे सापडेल ते’ घेऊ नका. प्लेराइट कडक आहे: एकाच वर्णनाचे दोन घटक सापडले तर तो क्लिक न करता एरर देतो. लोक वैतागून ‘फर्स्ट’ जोडतात आणि पुढे जातात. उद्या यादीचा क्रम बदलला की तुमची टेस्ट भलत्याच ओळीतलं ‘काढून टाका’ दाबेल. आधी ओळ शोधा, मग त्या ओळीच्या आत बटण शोधा.

टेस्ट मधेच पडते म्हणून तीन सेकंदांचा स्लीप (नुसतं थांबणं) टाकला. चाललं की! त्यात चूक काय?

आज चाललं. सीआयचं, म्हणजे प्रत्येक बदलानंतर टेस्ट आपोआप चालवणारं, मशीन दमलेलं असेल त्या दिवशी तीन सेकंद पुरणार नाहीत, मग कोणीतरी पाच करेल, मग आठ. दुसऱ्या बाजूला, मशीन मोकळं असतं तेव्हा उगाच बसून राहता. दोनशे टेस्टमध्ये प्रत्येकी तीन सेकंद म्हणजे सरळ दहा मिनिटं.

वेळेची वाट पाहू नका, घटनेची पाहा. ‘ऑर्डर नोंदवली’ हा मजकूर दिसेपर्यंत थांब, एवढंच सांगायचं. प्लेराइटचा एक्स्पेक्ट डीफॉल्टने ५ सेकंदांपर्यंत पुन्हा पुन्हा पाहत राहतो, सायप्रेस ४ सेकंद. सेलेनियममध्ये वेबड्रायव्हरवेट वापरा आणि इम्प्लिसिट वेट (प्रत्येक घटक शोधताना आपोआप लागू होणारी वाट) त्यात मिसळू नका. दोन्ही एकत्र आले की थांबण्याचा काळ कसाही वागायला लागतो.

एक प्रकार मात्र जवळून पाहण्यासारखा आहे, कारण तो चांगल्या चांगल्यांना फसवतो. पान सर्व्हरवर तयार होऊन येतं. ‘जतन करा’ बटण दिसतं, स्थिर आहे, चालू आहे. टेस्ट क्लिक करते. काहीच होत नाही. पुन्हा चालवली की होतं. झालेलं असं असतं, की बटणाचं एचटीएमएल पोचलंय पण त्याला जोडायचा जावास्क्रिप्ट अजून वाटेत आहे. त्या मधल्या क्षणात पडलेला क्लिक हवेत विरतो. माणसाचा हात इतका चपळ नसतो म्हणून हाताने तपासताना हे दिसत नाही, पण हळू नेटवर्कवरच्या खऱ्या युजरला हाच अनुभव येत असतो. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करा आणि पान उघडताच बटण दाबून पाहा, तुम्हालाही दिसेल. उपाय अ‍ॅपमध्ये आहे: जावास्क्रिप्ट जोडला जाईपर्यंत बटण डिसेबल्ड ठेवायचं. मग टेस्टही आपोआप थांबते आणि युजरचा क्लिकही वाया जात नाही. स्लीप टाकला असता तर बग झाकला गेला असता.

प्रत्येक टेस्टमध्ये लॉगिन करायचं का?

लॉगिनची स्वतःची एक टेस्ट असू द्या. बाकीच्यांनी तयार सेशन वापरावं. एकदा लॉगिन करून कुकीज आणि लोकल स्टोरेज फाइलमध्ये साठवता येतात (प्लेराइटमध्ये याला स्टोरेज स्टेट म्हणतात), आणि प्रत्येक टेस्ट तिथूनच उघडते. तुमचं अ‍ॅप टोकन सेशन स्टोरेजमध्ये ठेवत असेल तर ते यात येत नाही, त्याची सोय वेगळी करावी लागते.

ती फाइल गिटमध्ये जाऊ देऊ नका. तिच्यात चालू सेशन असतं. ज्याच्या हाती पडेल तो त्या युजरच्या नावाने आत जाऊ शकतो.

ओटीपी आणि कॅप्चाचं काय?

कॅप्चा ऑटोमेशनला अडवण्यासाठीच बनवलेला असतो. त्याच्याशी झटापट करण्यात शहाणपण नाही. टेस्टच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये बंद ठेवा. गूगलच्या रीकॅप्चा व्ही२ साठी नेहमी पास होणाऱ्या टेस्ट कीज अधिकृतपणे मिळतात, त्या वापरा.

एसएमएसच्या ओटीपीसाठी टेस्ट सर्व्हरवर ठराविक नंबरांना ठराविक कोड द्या, आणि ती पळवाट प्रॉडक्शनमध्ये (खऱ्या युजरांच्या सर्व्हरवर) जाणार नाही याची स्वतंत्र तपासणी ठेवा. हे दुसरं वाक्य लोक विसरतात. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला सहा आकडी कोड मात्र टेस्टलाच काढता येतो, कारण तो गुप्त की आणि वेळ यांवरून ठरतो. तो साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो. शेवटच्या सेकंदाला काढलेला कोड पोचेपर्यंत शिळा होऊ शकतो, म्हणून ३० सेकंद संपत आले असतील तर पुढच्या कोडची वाट पाहा.

टेस्टसाठी डेटा कुठून आणायचा?

या प्रश्नाच्या उत्तरावर बाकीचं सगळं उभं आहे, आणि नेमका हाच प्रश्न सर्वांत उशिरा विचारला जातो.

सुरुवातीला सगळेच एक ‘टेस्टयूजर१’ करतात. एक टेस्ट त्याच्या कार्टमध्ये दोन वस्तू टाकते, दुसरी कार्ट रिकामं करते, तिसरी पासवर्ड बदलून पाहते. एकामागून एक चालवल्या तर निभतं. समांतर चालवायला लागलात की तिघी एकमेकींच्या पायात येतात, आणि रोज वेगळी टेस्ट पडते. मग लोक टूलला शिव्या देतात.

प्रत्येक टेस्टने आपला डेटा आपण तयार करावा. तोही स्क्रीनवरून नको. एपीआयने किंवा थेट डेटाबेसमध्ये, एका सेकंदाच्या आत. ऑर्डर रद्द होते का हे पाहायचं असेल तर ऑर्डर एपीआयने बनवा आणि ब्राउझर फक्त रद्द करण्यापुरता उघडा. युजरच्या नावात काहीतरी वेगळेपण असू द्या, म्हणजे दोन टेस्ट एकाच नावावर आदळत नाहीत. ईमेलसाठी ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हे डोमेन वापरा; ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे, त्यामुळे चुकून खऱ्या माणसाला मेल जात नाही. मेल खरंच पोचला का हे पाहायचं असेल तर मेलपिटसारखा छोटा मेल सर्व्हर टेस्टशेजारी उभा करा.

साफसफाई शेवटी करायची की सुरुवातीला? मी सुरुवातीला करतो. टेस्ट मधेच मेली, मशीनच बंद पडलं, तर शेवटची साफसफाई चालतच नाही आणि खरकटं पुढच्याच्या ताटात येतं.

प्रॉडक्शनचा डेटाबेस कॉपी करून त्यावर टेस्ट चालवण्याचा मोह होईल. त्यात खऱ्या माणसांची नावं, नंबर, पत्ते असतात, आणि ते टेस्टच्या स्क्रीनशॉटमधून, व्हिडिओतून, लॉगमधून सगळीकडे सांडतात. नको.

पेमेंट गेटवे, नकाशे अशा बाहेरच्या सेवा खऱ्या वापरायच्या की नकली?

रोजच्या टेस्टमध्ये नकली. नेटवर्कवरची विनंती मधेच अडवून आपण ठरवलेलं उत्तर देता येतं, आणि त्यामुळे ‘बँकेने नकार दिला’, ‘उत्तरच आलं नाही’ असे खऱ्या सेवेकडून मागून न मिळणारे प्रसंगही तपासता येतात. अ‍ॅपमध्ये सर्व्हिस वर्कर (पानामागे वेगळा चालणारा कोड) असेल तर काही विनंत्या त्याच्याकडून परस्पर जातात आणि तुमच्या अडवणुकीला दिसत नाहीत. टेस्टपुरते सर्व्हिस वर्कर बंद ठेवायची सोय आहे.

पण नकली उत्तरं शिळी होतात. समोरच्याने रकान्याचं नाव बदललं तरी तुमची नक्कल जुनंच नाव सांगत राहते. म्हणून रात्री एकदा सँडबॉक्सवर खरी फेरी मारा. बहुतेक गेटवे टेस्ट मोड देतात. स्ट्राइपचं ४२४२ चार वेळा असलेलं टेस्ट कार्ड तर सगळ्यांना पाठ आहे.

माझ्या लॅपटॉपवर चालतं, सीआयवर पडतं. का?

मी ज्या क्रमाने शोधतो तो सांगतो.

आधी ट्रेस, म्हणजे टेस्टच्या प्रत्येक पायरीची नोंद, उघडतो. अंदाज बांधण्यापूर्वी पाहणं बरं.

मग टाइमझोन. सीआयची मशीन बहुधा यूटीसीवर असतात. यूटीसीच्या पुढे असलेल्या ठिकाणी तारीख बदललेली असते आणि मशीनवर अजून कालचाच दिवस चालू असतो. ‘आजची तारीख’ तपासणारी टेस्ट दिवसातले काही तासच पडते, उरलेल्या वेळात शहाण्यासारखी वागते. कॉन्फिगमध्ये टाइमझोन आणि लोकेल स्पष्ट लिहून टाका. प्लेराइटमध्ये १.४५ पासून घड्याळच हातात घेता येतं.

डॉकरमध्ये क्रोम मधूनच कोलमडत असेल तर शेअर्ड मेमरी पाहा. डॉकर ती डीफॉल्टने ६४ एमबी देतो, आणि जड पानाला ती पुरत नाही. कंटेनर सुरू करताना ती वाढवा, किंवा होस्टचीच वापरू द्या.

खिडकीचा आकार. लॅपटॉपवर मोठ्या स्क्रीनवर दिसणारा मेनू १२८० बाय ७२० मध्ये तीन रेघांच्या आयकॉनखाली दडलेला असू शकतो.

आणि मशीनचा दम. लॅपटॉपला आठ-दहा कोर, सीआयला दोन. तिथे चार ब्राउझर एकदम उघडले की सगळेच रांगतात. प्लेराइटच्या तयार कॉन्फिगमध्ये सीआयसाठी एकच वर्कर (टेस्ट चालवणारी प्रक्रिया) असतो तो उगाच नाही.

मराठी मजकूर तपासताना टेस्ट पडते, पण दोन्ही शब्द डोळ्यांना सारखेच दिसतात!

हा प्रश्न मला मनापासून आवडतो. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एक खालच्या टिंबाचा ऱ आणि हलन्त वापरून, दुसरा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक घालून. पडद्यावर एकच आकृती, आतले कोड वेगळे. एका कीबोर्डने पहिला प्रकार टाइप होतो, दुसऱ्याने दुसरा. टेस्ट म्हणते ‘अपेक्षित दऱ्या, मिळालं दऱ्या’, आणि माणूस डोकं धरून बसतो. त्यात ऱ हे अक्षर स्वतःसुद्धा एका कोडमध्ये किंवा र आणि नुक्ता अशा दोन कोडमध्ये येऊ शकतं. हा दुसरा फरक एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराचे वेगळे कोड एकसारखे करून घेण्याची युनिकोडची पद्धत) मिटतो. जोडकाचा फरक त्याने मिटत नाही, तो तुम्हाला स्वतःच बदलून घ्यावा लागतो.

टेस्टमध्ये पट्टी लावण्याआधी अ‍ॅपमधला शोध तपासून पाहा. तुमची टेस्ट अडखळली त्याच जागी युजरलाही ‘काही सापडलं नाही’ असं दिसत असेल.

स्क्रीनशॉटमध्ये अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील तर कंटेनरमध्ये देवनागरी फॉन्टच नाही. नोटो फॉन्टचं पॅकेज घाला, काम होतं.

हेडलेस चालवावं की खिडकी दिसू द्यावी?

सीआयवर हेडलेस, लिहिताना खिडकीसह. क्रोममध्ये हेडलेस २०१७ पासून आहे, आता त्याची धास्ती बाळगण्याचं कारण नाही.

काही टेस्ट कधी पास होतात, कधी पडतात. रीट्राय लावून टाकू?

अशा टेस्टना फ्लेकी म्हणतात, आणि त्यांची लाज वाटून घेऊ नका. गूगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये कमी-जास्त प्रमाणात ही खोड आहे. पण गणित पाहा. दोनशे टेस्ट, आणि प्रत्येक ९९.५ टक्के वेळा बरोबर वागते. तरीही सगळ्या एकदम हिरव्या होण्याची शक्यता ३७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कोडमध्ये काहीही न बिघडता तीनपैकी जवळजवळ दोन वेळा पाइपलाइन लाल. दोन आठवड्यांत सगळी टीम ‘असू दे, पुन्हा चालव’ म्हणायला शिकते, आणि खरा बग आला त्या दिवशीही तेच म्हणते.

सीआयवर एक-दोन रीट्राय ठेवायला माझी हरकत नाही. अट एवढीच की रीट्रायमध्ये पास झालेल्या टेस्टची यादी दर आठवड्याला कोणीतरी बघावी. प्लेराइटचा रिपोर्ट त्या वेगळ्या दाखवतो. वारंवार खोडी काढणारीला मुख्य पाइपलाइनमधून बाजूला काढा, तिच्यापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख लिहा. तारखेपर्यंत सुधारली नाही तर काढून टाका.

‘फ्लेकी’ हा शिक्का मारण्याची घाईही करू नका. आमच्याकडे वर्गणीच्या नूतनीकरणाची एक टेस्ट होती. महिनाभर गुणी, मग एखाद-दुसऱ्या दिवशी पडायची आणि पुन्हा ठीक. मीच तिला फ्लेकी म्हणून बाजूला काढलं होतं. पुढे कुणीतरी पडलेल्या तारखा एकाखाली एक लिहिल्या, तर सगळ्या महिनाअखेरच्या. अ‍ॅप आजच्या तारखेत ‘एक महिना’ मिळवत होतं, आणि जावास्क्रिप्टमध्ये ३१ जानेवारीचा महिना एकाने वाढवला की तारीख मार्चमध्ये जाते, कारण ३१ फेब्रुवारी नसते. टेस्ट खरं बोलत होती.

टेस्ट पडल्यावर नेमकं काय बघायचं?

ट्रेस. पहिल्या रीट्रायला ट्रेस नोंदवायची सेटिंग चालू ठेवा. त्यात प्रत्येक पायरीआधीचं आणि नंतरचं पान, नेटवर्क, कन्सोल, सगळं असतं. व्हिडिओपेक्षा कितीतरी उपयोगी. सीआयने तो आर्टिफॅक्ट म्हणून जपून ठेवला पाहिजे, नाहीतर मशीनबरोबर तोही जातो.

सगळ्या ब्राउझरवर चालवायचं का? आणि मोबाइल?

पुल रिक्वेस्टवर (कोणी आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्यायला मागतो तेव्हा) फक्त क्रोमियम. फायरफॉक्स आणि वेबकिट रात्री. प्लेराइटमधला वेबकिट म्हणजे हुबेहूब सफारी नव्हे. इंजिन तेच, पण भोवतालचं वेगळं. मोबाइलचं अनुकरण स्क्रीनची रुंदी, टच आणि युजर एजंट बदलतं, फोनचा कीबोर्ड वर आल्यावर काय झाकलं जातं ते सांगत नाही. रिलीजपूर्वी एक खरा आयफोन आणि एक स्वस्तातला अँड्रॉइड हातात घ्या.

स्क्रीनशॉटची तुलना करणाऱ्या टेस्ट लिहाव्यात का?

मोजक्या. फॉन्टची कड प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमवर जरा वेगळी उमटते, म्हणून मूळ चित्रं नेहमी सीआयच्याच कंटेनरमध्ये काढा. तारखा, जाहिराती, हलणारी चित्रं झाका. पूर्ण पानाऐवजी एखादा घटक घ्या, जसं बिलाचा तक्ता. आणि फरक आला की न बघता ‘अपडेट स्नॅपशॉट’ मारणारे दोन जण जरी टीममध्ये असतील तर या भानगडीत पडू नका.

कोडिंग न येणाऱ्या टेस्टरने काय करावं? रेकॉर्डर पुरेल का?

सुरुवातीला पुरतो. क्लिक करत जा, तो कोड लिहीत जातो. लोकेटर (घटक शोधायची वर्णनं) कसे दिसतात हे शिकायला उत्तम. पण रेकॉर्डरला काय घडलं ते कळतं, काय तपासायचं होतं ते तुम्हालाच सांगावं लागतं. एआयने लिहून दिलेल्या टेस्टचंही तेच. पास होणारी टेस्ट तो पटकन देतो. ती घेतली की अ‍ॅपचा कोड मुद्दाम मोडा आणि टेस्ट पडते का पाहा. नाही पडली तर ती ठेवून उपयोग नाही. हाताने लिहिलेल्या टेस्टलाही मी हीच परीक्षा लावतो.

अनुभवी टेस्टरला सिस्टीम कुठे फुटते हे माहीत असतं आणि डेव्हलपरला कोड येतो. दोघांना एका स्क्रीनपुढे बसवा.

पेज ऑब्जेक्ट करायलाच हवेत का?

पेज ऑब्जेक्ट म्हणजे एका पानावरची पावलं एकत्र ठेवणारा क्लास. तीन ठिकाणी तीच पावलं लिहिलीत की करा. पहिल्या टेस्टआधी सोळा क्लासेसचा डोलारा उभा करू नका.

सगळ्या टेस्ट किती वेळात संपल्या पाहिजेत?

पुल रिक्वेस्टवर दहा मिनिटांच्या आत. त्यापलीकडे गेलं की लोक दुसऱ्या कामाला लागतात आणि निकाल बघायला विसरतात. वेळ वाढत असेल तर टेस्ट चार मशीनवर वाटून द्या. प्लेराइटमध्ये शार्डिंगची सोय आहे आणि रिपोर्ट नंतर एकत्र करता येतात. वाटण्याआधी एकदा टेस्टचा क्रम उलटापालटा करून चालवा. तिथे ज्या पडतील त्या एकमेकींच्या डेटावर जगत होत्या.

जुन्या सेलेनियमच्या टेस्ट नव्या टूलवर कशा हलवायच्या?

एकगठ्ठा भाषांतर करू नका. जुन्या चालू ठेवा, नवीन टेस्ट नव्या टूलमध्ये लिहा, आणि जुनी एखादी दुरुस्तीला आली की तेव्हा तिला हलवा. हलवताना तिच्यातले सगळे स्लीप खोडून मगच सुरुवात करा. गेल्या वर्षभरात कधीच पडली नाही अशी टेस्ट सापडली तर आधी अ‍ॅप मोडून तिची परीक्षा घ्या. आमच्या हलवाहलवीत अशा अकरा निघाल्या. त्यातल्या चारांत शेवटचं असर्शन (अपेक्षित निकालाची तपासणी) कोणीतरी कधीतरी कॉमेंट करून बंद ठेवलं होतं, आणि एकीच्या शेजारी लिहिलं होतं: ‘तात्पुरतं’.